मागच्या दाराचे खिळे

नाव निवृत्ती धोंडू पांचाळ, वय ४६, धंदा सुतारकाम, मूळ राहणार ता. चिपळूण, जि. रत्नागिरी, सध्या कंपनीचा कॅम्प, खोली नं. १४, दोहा. दिनांक २० फेब्रुवारी १९८३.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी मराठीत बोलतो आहे आणि दुभाषी रियाज लिहून घेत आहेत.

शुक्रवारी दुपारी चार वाजता कॅम्पच्या हॉलमध्ये आमचं नाटक होतं. साठेक माणसं होती. स्टेज मी बांधलं, पडदाही मीच रंगवला. पुढचं दार स्टेजलगत आहे, दुसरं मागे.

१९७५ साली मी जहाजावर सुतार होतो. दुरुस्तीसाठी जहाज सात आठवडे हॅम्बुर्गला होतं. तिथली नाटकगृहं, सिनेमे मी पाहिले. कॅबरेला बायका नाचतात म्हणून गेलो, खोटं कशाला सांगू, पण निम्मा वेळ दारंच बघत बसलो. चाळीस टेबलांच्या जागेला तीन दारं, सगळी बाहेर उघडणारी, वर हिरवे दिवे. मोठ्या नाटकगृहात तर प्रयोगाआधी लोखंडी पडदा खाली सोडून बघतात. आग लागली तर ती स्टेजवरच अडावी म्हणून. एवढी काळजी घेणाऱ्या कारागिरांना मी मनोमन हात जोडले. कॅम्पात ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे.

दुसऱ्या घंटेनंतर विंगेतल्या वायरीतून धूर येऊ लागला. लोक घाबरून पळावेत म्हणून मी घंटा जोरात वाजवली. ही माझी चूक. मराठी माणूस तिसऱ्या घंटेला उठत नाही, बसतो. बाहेर उभे होते तेसुद्धा आत येऊन गुपचूप बसले. आमच्या कॅम्पातले पोपटराव हवालदार तर शेजाऱ्याला गप्प बस म्हणाले. तोवर पुढचं दार धुरात गेलं.

मुनाफ हा कंपनीचा ड्रायव्हर, हैदराबादचा. खुर्च्या उतरवून तो ट्रकपाशी उभा होता. खिडकीतून धूर दिसताच त्याने ट्रकमधली पहार आणून मागचं दार चौकटीसकट उखडलं आणि ओरडला, "यल्ला, सब बाहर." सगळे बाहेर पडले. कुणाला खरचटलंही नाही.

मुनाफने मुद्दाम नुकसान केलं आणि त्याला परत पाठवा, अशी कंपनीची तक्रार आहे. ती खोटी आहे. ते दार उघडण्यासारखं नव्हतं. गुरुवारी त्याला पाच इंची सहा खिळे मी मारले होते. वाळू आत येऊन पडद्याचा रंग खराब होत होता. खिळे मारायला मला कुणी सांगितलं नव्हतं. हॅम्बुर्ग बघून आलेल्या माणसाने हे केलं, याची मला लाज वाटते.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. नोकरीचा विचार करून खिळ्यांचा मजकूर गाळू का, असं रियाज यांनी मला दोनदा विचारलं. मी ठेवा म्हणालो, आणि सही केली.