तिसरा तारा

पुरिता : वाढदिवस लिगायाचा, आणि लिगायालाच तू सकाळी उठवून आजीकडे पिटाळलंस. मग हे शेवयांचं पान्सित मी परततेय कुणासाठी?

जनरल : बास्त्यानसाठी. तुझ्या हातच्या शेवया म्हटलं की तो पाताळातूनही वर येईल.

पुरिता : धर्मबाप एवढ्या महिन्यांनी लपतछपत यायचा, आणि लेकच घरात नाही! शोभतं का हे?

जनरल : संध्याकाळी येईल की ती. आधी आम्हा दोघांना निवांत बोलायचंय. शेवया मोडू नकोस हं, वाढदिवसाच्या आहेत, लांब तेवढं आयुष्य.

पुरिता : मला नको शिकवूस. लग्न होऊन आले तेव्हा तुला भात निथळता येत नव्हता.

जनरल : चिडलीस?

पुरिता : चिडले नाही. घर कसंसंच वाटतंय मला. रोसिंगला सुट्टी कुणी दिली?

जनरल : मी दिली. बाई थकते बिचारी.

पुरिता : वा! इतक्या वर्षांत तुला मोलकरणीची कणव आजच आली. आणि फाटकावरचा आपला तोन्यो कुठंय? दोन नवे उभे केलेत. नाव विचारलं तर नुसते बघतात. कॉफी नेऊन दिली, घेतली नाही. माझ्या हातची कॉफी नाकारणारा शिपाई मी अजून पाहिला नव्हता.

जनरल : राजधानीच्या खास तुकडीतले आहेत. शिस्तीची पोरं.

पुरिता : आणि चर्चमागची अँब्युलन्स?

जनरल : कसली अँब्युलन्स?

पुरिता : गिल्दो, मी कांद्याची पात आणायला गेले होते. चिंचेखाली उभी आहे. ड्रायव्हर आत पाय वर करून झोपलाय, आणि पायात बूट लष्कराचे.

जनरल : असेल कुणी आजारी.

पुरिता : माझ्याकडे बघून सांग.

जनरल : कढईखालचा जाळ कमी कर. करपतंय.

पुरिता : करपू दे. भावजींच्या आत्तेबहिणीच्या हातून बास्त्यानना निरोप मी पाठवला. "लेक अठराची होतेय, तिच्या धर्मबापाशिवाय आम्ही जेवायचं नाही," असं मीच म्हणाले. तू म्हणालास तसं. तू काय वचन दिलंयस वरच्यांना?

जनरल : जेवेल. मग मी समजावीन. मग शरण येईल, माझ्याच गाडीतून. बंड फसलंय, पुरिता. त्याची माणसं तुरुंगात बसलीत आणि हा एकटा गावोगाव पळतोय. किती दिवस पळणार?

पुरिता : शरण येणाऱ्याला अँब्युलन्स लागते?

जनरल : त्याच्याजवळ हत्यार असतं. काही कमीजास्त झालं तर असावी म्हणून.

पुरिता : हत्यार? आपल्या घरात? अरे, तुमचीच रीत ना? लष्करी अकादमीतून एका वर्षी बाहेर पडलेले तुम्ही मिस्ता, भावाहून मिस्ता जवळचा म्हणून मिरवणारे. मिस्ताच्या घरात पाऊल टाकायच्या आधी पिस्तूल घरच्या बाईच्या हातात द्यायचं. लग्नापासून मी तेच करत आलेय. तुमची सगळ्यांची पिस्तुलं बाळ येशूच्या मूर्तीमागे नेऊन ठेवते, जाताना परत देते. विसरलास?

जनरल : नाही विसरलो.

पुरिता : (झारा खाली ठेवून त्याच्याकडे वळते.)

जनरल : अशी बघू नकोस.

पुरिता : विसरला नाहीस. म्हणून तर इथं बोलावलंस. रस्त्यात धरलं असतं तर भावजींच्या हातात पिस्तूल असतं.

जनरल : पुरिता, खाली बस.

पुरिता : होलो बेटावरही असंच जेवण होतं.

जनरल : तो विषय नको.

पुरिता : तिथल्या बंडखोरांचा कमांडर जाइनल. तह करायला आला होता. त्याला डुकराचं चालत नाही म्हणून मी भांडी नवी आणली. कोंबडी केली. बायकोसाठी थोडी बांधून मागितली त्यानं, लाजत लाजत. तू म्हणालास, परत जाताना त्याच्याच लोकांनी मारला. आणि पावसाळा संपायच्या आत तुझ्या खांद्यावर पहिला तारा आला. मीच लावला.

जनरल : त्यानंतर ते बेट शांत झालं.

पुरिता : मी काही विचारलं नाही तुला.

जनरल : विचारलं नाहीस म्हणून तर आपला संसार झाला. लेफ्टनंटचे त्रिकोण, मग सूर्य, मग तारे, सगळे तूच लावलेस माझ्या खांद्यावर. सामारच्या चिखलात माझे पाय कुजत होते तेव्हा तू पत्र्याच्या खोलीत पोर वाढवत होतीस. तेव्हा कुणी विचारलं आपल्याला? उद्या तिसरा तारा आहे. तुझा नवा पोशाख शिवून आलाय.

पुरिता : आणि मिस्ताला धरून दिल्याशिवाय तारा मिळत नाही?

जनरल : ताराच काय, उद्या हा खांदासुद्धा राहायचा नाही. बंडाच्या पहाटे त्यानं मला फोन केला होता. मी तो उचलला, हे वर कळलंय.

पुरिता : उचललास, बरं. बोललास काय?

जनरल : (कढईखालचा जाळ स्वतःच कमी करतो.)

पुरिता : गिल्दो, बोललास काय?

जनरल : म्हणालो, पूल धरून ठेव. मी माझी माणसं घेऊन येतो.

पुरिता : देवा रे.

जनरल : मग उजाडलं. रेडिओ ऐकला. कोण कुठल्या बाजूला आहे ते कळलं. मी नाही गेलो.

पुरिता : आणि ते पुलावर वाट बघत राहिले.

जनरल : तो कोर्टात उभा राहिला तर पहिलं नाव माझं घेईल. अजून कुणाला सांगितलं नाहीय त्यानं, माहितीय मला. पण कोर्टात सांगेल. एक तर तो, नाही तर मी. आणि मी म्हणजे लिगाया, हे घर, तू. आता तुला कळलंय सगळं. तुला काहीच करायचं नाही. दार उघडायचं, हसायचं, तो देईल ते घ्यायचं आणि आत जायचं. नेहमीसारखं.

पुरिता : त्यांनी कुणालाच सांगितलं नाही? अजूनही?

जनरल : नाही.

पुरिता : मग कसली भीती वाटते रे तुला त्या माणसाची!

(दारावरची घंटा वाजते. पुरिता ॲप्रनला हात पुसत दार उघडते.)

बास्त्यान : वहिनी! दाढी बघून दचकलात ना? माझीच आहे, चिकटवलेली नाही. कुठंय आमची वाढदिवसाची पोर? हे बघा, तिच्यासाठी तांदळाचा केक, बिबिंका आणलाय, चुलीवरून थेट. रिक्षात मांडी भाजली माझी.

पुरिता : लिगाया आजीकडे गेलीय, भावजी.

बास्त्यान : आज? वाढदिवसाच्या दिवशी?

पुरिता : सकाळीच पाठवलं. रोसिंगपण नाहीय. आम्ही दोघंच आहोत.

जनरल : अरे, दारातच गप्पा? ये आत. पान्सित निवतंय.

बास्त्यान : आलो रे. काय फुगलायस! त्या पुलावर तुझी वाट बघून मी वाळलो, आणि तू इथं बसून दोघांचं खाल्लंस. असो. झालं गेलं. पोरीच्या वाढदिवसाला भांडायचं नाही असं ठरवून आलोय मी.

जनरल : बास्त्यान, आपण बोलू. आधी जेव.

बास्त्यान : जेवतो की. तुझ्याकडे म्हणून आलो नाही हां, वहिनींचा निरोप होता म्हणून आलो. बरं वहिनी, रीत ती रीत. हे घ्या. ठेवा बाळ येशूच्या मागे.

जनरल : घे, पुरिता.

बास्त्यान : घ्या ना. जड नाही.

जनरल : पुरिता, हात पुसलेस ना? घे ते.

पुरिता : नको, भावजी. आज तुमच्याजवळच असू दे.

बास्त्यान : (पुढे केलेलं पिस्तूल मागे घेतो.)

जनरल : ती गंमत करतेय. बास्त्यान, अरे, गंमत करतेय ती.

बास्त्यान : वहिनींनी पिस्तुलाची गंमत कधी केली नाही, गिल्दो. फाटकावरचे ते दोघं तुझे नाहीत ना? मला वाटलंच होतं. पण निरोप यांचा होता म्हणून मन म्हणालं, चल.

पुरिता : मला ठाऊक नव्हतं, भावजी. लिगायाची शपथ.

बास्त्यान : शपथ कशाला घेता? बिबिंका घ्या तेवढा हातात, गरम आहे. लेकीला सांगा, तिचा धर्मबाप, तिचा निनोंग, दारापर्यंत आला होता. गिल्दो, चल, मला गल्लीच्या टोकापर्यंत सोड. माझ्या पुढे चाल. अगदी जवळून.

जनरल : पुरिता, काय करून बसलीस हे?

बास्त्यान : चल, मिस्ता. हळू.

पुरिता : थांब, गिल्दो. खुंटीवरची ताऱ्यांची टोपी घालून जा. फाटकावरचे नवे आहेत, चेहऱ्यानं ओळखायचे नाहीत तुला.