हलकं लिनक्स

हसू नका, पण पुण्याहून शिकून लातूरला परतलो तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारात जाताना बघून मला रडू यायचं. एकदा कळलं, कोचिंग क्लासवाले कदम सर बारा जुने कॉम्प्युटर विकायलेत. धावत गेलो, तर भंगारवाले सलीमचाचा हातगाडी लावून उभेच!

“सर, थांबा! यातली जुनी सिस्टीम काढून हलकं लिनक्स टाकतो. फुकट. पेनड्राइव्ह लावायचा, चार बटणं दाबायची, की जुनी मशीन पुन्हा पळायला लागते.”

“हलकं?” सरांचा चेहरा पडला. “हदगाव, देगलूरपासून पोरं येतात आपल्याकडं. पालकांना काय सांगू, हलका माल वापरतो म्हणून?”

मी जीभ चावली. “तसं न्हाई सर, लई भारी आहे ते!”

सरांनी एका कॉम्प्युटरवरची धूळ फुंकली. “भारी? मग ह्या म्हाताऱ्याला झेपंल का?”

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात सलीमचाचांनी तो कॉम्प्युटर उचलून हातगाडीवरच्या वजनकाट्यावर ठेवला.

“झगडू नका साहेब. हलकं का भारी, आत्ता सांगतो.”