दोन मोहांमधली वाट

लाखनीच्या ट्रॅक्टरच्या दुकानात मोनिका नंबर यायची वाट पाहत बाकावर बसली होती. शेजारी भाऊबहिणीचं ट्रॅक्टर पसंत करणं चाललं होतं.

“बाई, मोठाच घे. वावरातलं सारं जळतन, लाकूडफाटा एका खेपेत येईन.”

“अन् तो आपल्या मोहाच्या दोन झाडांमधून निघन कसा, घनश्याम?”

“एक झाड तोडू.”

“मायनं लावलेलं झाड हाय ते. घे ही दोरी, दोन मोहांमधली वाट मोजून आणली मी. धर चाकापाशी.”

“हातभर बाहेर गेला, बाई.”

“आता त्या लहान्याले लाव.”

“हा वीतभर आत बसला. पण याच्या ट्रॉलीत जळतन मावन किती?”

“तुह्यासारखं फेकून भरलं त अर्धंच मावन. मी रचीन. खाली जाड ओंडके, फटीत फाटे, वरून काड्या. मागच्या साली तुह्या पाच खेपांचं मी तीन खेपांत आणलं का नाही?”

“आणलं. साऱ्या गावानं पायलं.”

“अन् पावसात ढीग कोणाचा ढासळला?”

“माहा. तुहा त चैतापावतर जसाचा तसा उभा होता.”

तेवढ्यात दुकानदार आला. “काय ठरलं, भाऊ? चालवणार कोण, तुम्ही का?”

“मी नाही जी. मी चालवला त एखादं झाड पाडीन. लहानाच द्या, अन् चालवाले माह्या बहिणीले शिकवा. मी मांगं बसून जातो.”

“शिकन मी. दोन दिवसांत शिकन.”

मोनिकाचा नंबर पुकारला गेला. तिनं मागच्या माणसाला पुढं जायला सांगितलं आणि त्या दोघांचं पुढचं बोलणं ऐकायला ती बसून राहिली.