हेमलता उठली न्हाई

(लोणावळा, १९३९. शाळेत विज्ञान शिकवणारे गंगाधर मास्तर पडवीत बसले आहेत. त्यांची पत्नी प्रमोदिनी दारात. कुरवंड्याहून दूध घालायला आलेली कस्तुराबाई रिकामी चरवी खाली ठेवून उभी आहे.)

कस्तुराबाई : दूध घातलंय वैनींकडं. पन मी जात न्हाई अजून. दहा म्हयने ज्या बाईला तुमी आभाळात नेली, तिला एका ओळीत अंथरुनात कशी आनली, ते सांगा आदी.

गंगाधर : माझी गोष्ट तुम्ही वाचता, हे ठाऊक नव्हतं मला.

कस्तुराबाई : वैनींचं वाचून झालं की मासिक मला देत्यात. अक्षरं गिरवली साक्षरतेच्या वर्गात, पन वाचाया शिकले ती तुमच्या हेमलतेवर. सोमवारी बैल जुपत न्हाईत, तवा दुपारी आमच्या ओसरीवर बाया जमत्यात. मी वाचती, त्या ऐकत्यात.

गंगाधर : मग कळलंच असेल. यान फुटणार, इतक्यात हेमलता दचकून जागी होते. सगळं स्वप्न होतं. कथेत अशी कलाटणी देतात.

कस्तुराबाई : कलाटनी कसली, पाठ फिरवली तुमी. यान उडालं कुटनं? आमच्या नागफणीच्या कड्यावरनं. गुरं चारताना बाया कड्याकडं बोट करून म्हनायच्या, हितनं गेली ती. आन् आता तुमी लिवता, ती गेलीच न्हाई. उटली, पदर सावरला, नवऱ्याचा चहा ठेवला.

गंगाधर : अहो, गोष्टच ती. मंगळावर कोण जातंय?

कस्तुराबाई : ते आमाला कळत न्हाई व्हय? खोटं हाय हे ठावं असून ऐकलं आमी. पन त्या खोट्यात बाई खरी व्हती. यंत्र अडलं तर रडत बसली न्हाई. पाना घेतला न् आत शिरली.

प्रमोदिनी : सरूचं सांगा ना यांना. मघाशी मला सांगितलंत ते.

कस्तुराबाई : माझी सरू चौथी पास झाली. म्होरली साळा हितं लोनावळ्यात. मालक घाटात रेल्वेच्या गँगवर, घरात शब्द चालतो सासऱ्याचा. भिमाजी आबा न्हाईच म्हनत व्हते. गोष्ट ऐकता ऐकता म्हातारा सैलावला. सातव्या भागाला आपनहून म्हनला, पोरीला मी पोचवीन, चार मैल काय लांब हायेत. परवा शेवटचा भाग वाचला. आबा उटले, पागोटं घातलं, म्हनले, "मास्तरलाबी कळलं म्हनायचं. बाईचं उडनं सपनातच." पोरीचं दप्तर माळ्यावर गेलं.

गंगाधर : असं मी कुठं लिहिलंय?

कस्तुराबाई : तुमीच लिवलं. त्यांनी निस्तं वाचून घेतलं.

प्रमोदिनी : तुम्ही सांगत नाही, तर मी सांगते. कस्तुराबाई, यांनी शेवट असा लिहिलाच नव्हता. हेमलता मंगळावर उतरते. स्वच्छ प्रत मीच केली होती.

गंगाधर : प्रमोदिनी, राहू दे.

प्रमोदिनी : का म्हणून? संपादकांचं पत्र आलं. नवरा घरी आणि बायको यान हाकते, हे वर्गणीदारांना रुचत नाही. तिला मारा, नाहीतर घरी आणा.

गंगाधर : मारवेना मला. म्हणून जागी केली. वाटलं, जिवंत तर राहील.

कस्तुराबाई : मेली असती तरी चाललं असतं, मास्तर. रडलो असतो आमी, पन म्हनलो असतो, गेली व्हती. आता काय म्हनायचं? हे पत्र घ्या. संपादकाला धाडा.

गंगाधर : "संपादकसाहेबांस कुरवंड्याच्या बायांचा रामराम. हेमलता उठली न्हाई. तुमचा कागद चुकला. खरा भाग छापावा." ...खाली कस्तुराबाई, झुंबरबाई, धोंडाबाई... अकरा सह्या आहेत.

कस्तुराबाई : अंगठा एकबी न्हाई. धोंडाबाई दोन दिस नाव गिरवीत व्हती. तिचा 'ध' उलटा पडलाय, पन तिचा हाय.

गंगाधर : ते छापणार नाहीत. मी हट्ट धरला, तर माझं लिखाणही बंद करतील.

कस्तुराबाई : करू द्या की. येवढं भ्यायचं व्हतं, तर तिला कड्यावर चढवली कशाला?

प्रमोदिनी : थांबा, आतून आणते... हा घ्या खरा शेवट. चौदा पानं आहेत, माझ्या अक्षरात. सोमवारी वाचा.

गंगाधर : छापलेलं नाही ते.

प्रमोदिनी : ऐकणाऱ्याला कुठं दिसतं?

गंगाधर : ...बरं. न्या. आणि हे पत्र राहू दे माझ्याकडे. बारावं नाव माझं घालतो आणि आजच्या टपालात टाकतो.

प्रमोदिनी : तुमचं तेरावं. बारावं मी घालणार आहे.

गंगाधर : घाल. पण कस्तुराबाई, एवढं ऐकूनही आबा नाहीच म्हणाले तर?

कस्तुराबाई : म्हनू द्यात. दूध घालाया मी रोज येतीच हितं. पोरगी माझ्या संगं चालंल.