ट्रॉली मागं घेणारी

अरे, बायकाइले गाडी मागं घेता येत नाही म्हणता ना? मंग ऐका. पवनीच्या राईस मिलच्या अरुंद गेटातून आमची धानाची ट्रॉली मागं घ्यायची होती. ट्रॅक्टरवर माझी बायको, मी खाली उभा, वरतं आभाळ भरून आलेलं. तिले पाहून मिलातले सारे माणसं मदतीले धावले.

"वहिनी, डावीकडं वळवा!"

"अरे नाही, उजवीकडं!"

तिनं इंजिनच बंद केलं. "भाऊजी, आधी तुमचं एकमत होऊ द्या."

ते बाजूले होऊन भांडत राहिले. तिनं एका दमात ट्रॉली आत लावली.

एक म्हातारा म्हणाला, "नवऱ्यानं शिकवलं का वं?"

मी छाती फुगवून म्हणलो, "मी कायचा शिकवतो, बाबा! मी ट्रॉली मागं घेतो तवा हीच मागून रस्ता सांगते. अन् मी हिचं एकटीचंच ऐकतो!"