चौथ्या बाकावरून

हॅलो?… हो, रूलीच बोलतेय. कोण?… अगं माइके, तू होय. बोल ना… बेरेंटला? त्याला फोन देऊन काय उपयोग, त्याला ढिम्म ऐकू येत नाही. इथेच बसलाय, वाटाण्याचं सूप ओरपतोय. मला सांग, मी त्याच्या कानात ओरडते.

हो, हो… अगं, रडू नकोस आधी. कसलं पत्र?… राजीनामा? एका रविवारी लोक गायले नाहीत म्हणून?… हो, मी होते ना तिथे. सगळं गाव चर्चमध्ये मिठाची गुळणी धरून बसलं होतं… नाही गं, ऑर्गन वाईट कुठे वाजवलास. फार चांगलं वाजवलंस, तिथेच घोटाळा झाला. दर कडव्याला नवी नक्षी, वरून ट्रॉम्पेटच्या नळ्यांचा तो कर्कश आवाज. लोकांनी पुस्तकं मिटली आणि ऐकत बसले. मग पुढच्या स्तोत्राला तू घाबरलीस आणि ऑर्गनची ती एकच मऊ बासरीची खुंटी ओढलीस… हो ना? झालं. सुराचा आधार मिळेना, म्हातारे चुकल्या मेंढरांसारखे चार दिशांना भरकटले नि गप्प.

थांब, बेरेंट माझे ओठ वाचून काहीतरी म्हणतोय… म्हणतोय, मिक्स्तूर ओढायला सांग तिला. त्या किणकिणत्या नळ्यांशिवाय लोक जागे होत नाहीत म्हणे… त्याचं नको ऐकूस. अगं ऐक ना. चाळीस वर्षं वाजवलं त्याने, कबूल. पण वर ऑर्गनच्या माडीवर बसून. खाली काय ऐकू येतं, ते त्या माणसाने जन्मात ऐकलेलं नाही. मी ऐकलंय. दर शनिवारी मला चौथ्या बाकावर बसवायचा आणि वरून विचारायचा, कसं वाटतंय? मी ओरडायचे, एक कमी कर.

काय म्हणालास रे?… माइके, एक मिनिट… हा म्हणतोय, तो मुद्दाम एक खुंटी जास्त ओढायचा. मला 'एक कमी कर' म्हणायला मिळावं म्हणून… हसतेस काय. चाळीस वर्षं गं.

बरं, आत्ता चर्चमध्येच आहेस ना? आणखी कोण आहे?… हिल्ये आणि आफके? फुलं लावतायत? छान. फोन हिल्येकडे दे, तिला चौथ्या बाकावर बसव आणि तू वर जा. उद्याचंच पहिलं स्तोत्र घे. फक्त प्रेस्तांतची ती मुख्य खुंटी आणि तिच्या वरचा ऑक्टाव्ह. पायांच्या पट्ट्यांना एक खर्ज. बाकी काही नको… पुळचट? वाजव तर खरं. आणि ओळ संपली की थांब जरा. योप्पे ब्याऐंशीचा आहे, त्याला श्वास घेऊ दे.

हॅलो, हिल्ये?… मी बरी आहे, गुडघे त्याचे दुखतात. फोन उंच धर… हं… हं… खर्ज येतच नाही इकडे, फोन गिळतोय वाटतं. बाकावर तळहात ठेव बघू. थरथरतंय?… बारीक का होईना, मग खर्ज आहे. पण ते वर टोचतंय काय? तिने आणखी एक ओढलीय हळूच. सांग तिला ओरडून, एक कमी कर… हां. आता.

हिल्ये, आवाज पुरेसा आहे का गं तिथे?… हिल्ये?… अगं, मी काही विचारतेय… हॅलो?… आणि खालच्या सुरात ती आफके ना?… गातायत. बेरेंट, दोघी गातायत, हातात फुलं घेऊन, कुणी सांगितलंही नाही… नाही रे, तुला नाही यायचं ऐकू. हात दे इकडे. मी ठोका देते तळहातावर…

माइके? आलीस खाली?… त्यांना पत्ताही नाही गं. विचार हिल्येला, म्हणेल मी कुठे गायले… म्हणाली ना? मग. शेजारणीचा आवाज ऐकू आला की माणूस गातो. तेवढी जागा ठेव त्यांना.

आता ते पत्र फाड… तुझ्यावर उपकार म्हणून नाही, माझा स्वार्थ आहे. तू गेलीस की हा त्याच गुडघ्यांनी पुन्हा माडी चढणार, ऐकू येवो न येवो. गेल्या रविवारी तुला खुंट्या दाखवायला म्हणून शेवटचा चढला, तर दोघांना धरून उतरवावा लागला. लग्नाला चाळीस वर्षं झाली माइके, एक रविवार हा माझ्या शेजारी बसून गायला नाही. माझ्या शेजारी कायम योप्पे आणि त्याच्या पेपरमिंटच्या गोळ्या. मला माझा नवरा हवाय तिथे… बेसूर गाईल, माहीत आहे. गाऊ दे.

फाडलंस?… आवाज ऐकव… हां, हा मात्र फोनवर स्वच्छ आला.

चल, ठेवते. त्याच्यासाठी बरा कोट शोधायचाय. माडीवर कोण बघतंय म्हणून सतरा वर्षं एकच घालत आला, कोपरं पार गेलीयत. उद्या सगळं गाव बघणार… हो गं, माझ्या शेजारीच. ठेवते.