गिटारीची घूं

चिखलीच्या स्टँडवर एसटीच्या रांगेत विमलबाईच्या पुढं गायन पार्टीतलं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या खांद्यावर दोन शिंगांची इलेक्ट्रिक गिटार. विमलबाईनं पिशवी खाली ठेवली अन् कान तिकडं लावले.

"अन्नपूर्णा, आता गिटारीच्या तारांखाली आवाज धरनारा दोन कॉइलचा पिकअप लावतो. मंग लाइटीनं स्पीकरात येते ते घूं एकदम बंद."

"काऊन बंद करता? लोकाईले तुमच्या चुका ऐकू येतीन न."

"माया चुका? जयंतीच्या कार्यक्रमात सूर कोनं सोडला?"

"तिथं लाइट नव्हती. स्पीकर बॅटरीवर होता."

"बॅटरीनं सूर सुटते काय वं?"

"बॅटरीवर घूं नसते न. मले तिच्यातूनच सूर सापडते."

"अन् माई गिटार?"

"तेबी वाजते मधामधात."

"लग्नाले इतके साल झाले, अन् हे आज सांगून राह्यली?"

"तुमाले वाटे, मी तुमच्या गिटारीवर गाते. तुमी खुशीत होते, राहू देल्लं."

तेवढ्यात एसटी घूं घूं करतच येऊन थांबली.

"अन् तो पिकअप लावता न?"

"राहू दे. तू ड्रायव्हरच्या मांगची जागा धर. तिथंबी तुले सूर सापडन."